हवाई छत्रीचे सोबती

बेळगाव परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना माजी सैनिक रुग्णांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र या गावात आहे. खानापूर, चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागांतील असंख्य घरांच्या भिंतींवर देवादिकांच्या तसबिरींशेजारी गणवेशातला एक तरी फोटो आढळतो. असा रुग्ण दवाखान्यात आला की चटकन ओळखू येतो. दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी तो हजर असतो, कागदपत्रे तारखेनुसार लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली असतात, आणि "कसं वाटतंय?" या प्रश्नाला "एकदम ठीक, साहेब" हे उत्तर ठरलेले असते, मग रक्तदाब कितीही असो.

तीस वर्षांहून अधिक काळच्या व्यवसायात मला या मंडळींची आणखी एक गोष्ट सातत्याने दिसली. त्यांच्यासोबत बाकावर बसलेला माणूस पुष्कळदा मुलगा, जावई वा भाऊ नसतो. गाव वेगळे, आडनाव वेगळे, क्वचित जातही वेगळी. "हे आपले कोण?" असे विचारले की उत्तर मिळते, "आमच्या पलटणीतले." आपल्या केसपेपरवर नातेवाइकाच्या नावासाठी रकाना असतो, या नात्यासाठी मात्र नसतो.

हे नाते सर्वच सैनिकांत असते. परंतु ज्यांनी विमानातून हवाई छत्रीने उड्या मारल्या, त्या पॅराट्रूपर मंडळींत ते विशेष घट्ट असल्याचे मी पाहत आलो आहे. ते कसे घडते, निवृत्तीनंतर कसे टिकते, आणि डॉक्टर म्हणून आपल्याला त्याचा काही उपयोग आहे काय, याचा विचार या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

उडीची शाळा

पॅराट्रूपर होण्याची सक्ती कोणावरही नसते. सैनिक स्वेच्छेने पुढे येतो, परीक्षाकाळात कसून पारखला जातो, आणि त्यातून तरला तरच आग्रा येथील वायुदलाच्या प्रशिक्षण शाळेत उडीच्या शिक्षणासाठी जातो. तेथे ठरलेल्या उड्या पूर्ण झाल्यावर, त्यांत एक रात्रीची, छातीवर पंखांचे चिन्ह लागते. मरून रंगाची टोपी हा त्याच्या आयुष्यभराचा अलंकार ठरतो.

या शिक्षणातील काही गोष्टी समजून घेतल्या तर पुढच्या मैत्रीचे मर्म कळते. सैनिकाच्या पाठीवरची छत्री त्याने स्वतः घडी केलेली नसते. ज्याचा चेहराही कदाचित त्याने पाहिलेला नाही, अशा माणसाने ती बांधलेली असते. विमानात उडीची वेळ जवळ आली की सारे रांगेत उभे राहतात. प्रत्येक जण आपल्या छत्रीची पट्टी डोक्यावरच्या तारेला हुकाने अडकवतो. मग प्रत्येकाने आपल्या पुढच्याच्या पाठीवरील बांधणी तपासायची असते, कारण स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही. रांगेच्या शेवटून क्रमांक पुकारले जातात. अमुक क्रमांक ठीक, तमुक क्रमांक ठीक, असा पुकार पुढे सरकत दारापर्यंत येतो. मग लाल दिवा, आणि त्यानंतर हिरवा.

हिरव्या दिव्यापुढे हुद्द्याचे अंतर मिटते. कर्नल आणि शिपाई एकाच दारातून, एकाच प्रकारच्या छत्रीने, त्याच वाऱ्यात झेप घेतात. डॉक्टर, पाद्री, स्वयंपाकी, कोणालाही दुसरे दार नाही. भीती सर्वांना वाटते, आणि ती सर्वांना वाटते हे प्रत्येकाला ठाऊक असते. एका वयोवृद्ध सुभेदार साहेबांनी मला सांगितले होते, "पहिल्या उडीला भीती वाटत नाही, डॉक्टर. काय होणार तेच माहीत नसतं. खरी भीती दुसऱ्या उडीला." ज्यांनी एकमेकांची भीती इतक्या जवळून पाहिली, त्यांना नंतर एकमेकांपुढे बडेजाव मिरवण्याचे कारण उरत नाही.

जमिनीवर उतरण्याचेही शास्त्र आहे. सैनिकी गोल छत्री सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने खाली येते. म्हणजे पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून, पाठीवर ओझे घेऊन उडी मारल्यासारखे. तो धक्का एकाच सांध्यावर येऊ नये म्हणून पावलाचा पुढचा भाग, पोटरी, मांडी, नितंब आणि पाठीची बाजू अशा क्रमाने अंग लोळवण्याची सवय घोटून घेतली जाते. तरीही घोटे, गुडघे आणि कंबर वर्षानुवर्षे हिशेब ठेवतात, आणि तो हिशेब साठीनंतर आपल्यासमोर एक्स-रेच्या रूपाने येतो.

पहिल्या भारतीय उडीत एक डॉक्टर

आपल्या व्यवसायबंधूंना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. १९४१ साली दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभारली गेली. त्या ब्रिगेडमधून छत्रीने उडी घेणारे जे पहिले दोन भारतीय होते, त्यांतील एक म्हणजे हवालदार मेजर मथुरा सिंह, आणि दुसरे डॉ. ए. जी. रंगराज, १५२ व्या पॅराशूट बटालियनचे वैद्यकीय अधिकारी.

हेच रंगराज पुढे लेफ्टनंट कर्नल या नात्याने ६० व्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सचे प्रमुख झाले. कोरियात युद्ध पेटले तेव्हा भारताने लढाऊ सैन्य पाठवले नाही. हे वैद्यकीय पथक पाठवले. नोव्हेंबर १९५० मध्ये ते कोरियात पोहोचले. काही दिवसांतच चिनी सैन्याच्या रेट्यापुढे माघार सुरू झाली. प्योंगयांग सोडण्याची आज्ञा झाली, परंतु वाहने नव्हती. उपकरणे टाकून निघून जाण्याचा मार्ग मोकळा होता. या मंडळींनी एक जुने वाफेचे इंजिन आणि काही डबे शोधून काढले, बादल्यांची साखळी करून बॉयलरमध्ये पाणी भरले, आपल्यातल्याच माणसांकडून गाडी चालवून घेतली, आणि साहित्यासह सोल गाठले. शस्त्रक्रियेचे साहित्य टाकून दिले तर उद्याच्या जखमीचे काय, एवढाच त्यामागचा विचार होता.

२३ मार्च १९५१ रोजी अमेरिकेच्या १८७ व्या हवाई तुकडीने मुनसान-नी येथे उडी घेतली, तेव्हा या पथकातील १२ भारतीयही त्यांच्याबरोबर उतरले आणि त्यांनी जखमींवर उपचार केले. रंगराज यांना महावीर चक्र प्रदान करण्यात आले. कोरियातील युद्धबंद्यांच्या देखरेखीसाठी १९५३ मध्ये जी भारतीय सेना गेली, तिचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

या पथकाचा उल्लेख मी केवळ इतिहासाच्या अभिमानापोटी करीत नाही. पॅराट्रूपरांच्या जगात डॉक्टर हा बाहेरचा माणूस नव्हता. तो त्याच रांगेत, त्याच तारेला हूक अडकवून उभा होता. माजी पॅराट्रूपर आपल्या जुन्या 'डॉक्टर साब'विषयी ज्या आत्मीयतेने बोलतात, तिचे मूळ येथे आहे.

टांगाईलची संध्याकाळ

बेळगावचा या परंपरेशी थेट संबंध आहे. मराठ्यांची तिसरी पलटण दुसऱ्या महायुद्धात केरेन आणि इटली येथे लढली. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत. पुढे ही पलटण छत्रीधारी झाली, आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाल्यावर तिचे नाव दुसरी पॅरा (मराठा) असे पडले. नाव आणि टोपी बदलली, तरी गावे आणि घरे तीच राहिली.

११ डिसेंबर १९७१ रोजी संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही पलटण, सोबत तोफखाना, सॅपर्स आणि वैद्यकीय पथक, पूर्व पाकिस्तानातील टांगाईलजवळ उतरली. मैमनसिंगहून ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट रोखण्यासाठी पुंगली येथील पूल ताब्यात घ्यायचा होता. पूल त्याच रात्री हाती आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमालपूरहून जमिनीवरून लढत येणारी तुकडी त्यांना येऊन मिळाली. ती होती पहिली मराठा, म्हणजे 'जंगी पलटण'.

आकाशातून आलेले आणि रस्त्याने आलेले असे दोन्ही बाजूंचे मराठी जवान परमुलखातील एका पुलावर भेटले. त्यांच्यापैकी कित्येकांनी एकाच तालुक्यातील शाळेत धुळाक्षरे गिरवली असतील. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत दुसरी पॅरा होती. त्या वेळी विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांतील काही जण माझ्याकडे उपचारासाठी येत राहिले. युद्धाविषयी ते फारसे बोलत नाहीत. पुलावर भेटलेल्या गावच्या पोराने विडी दिली, एवढेच एकाने सांगितले. पण ते मला निदान दहा वेळा सांगितले.

पलटण सुटल्यावर

शिपाई माणूस बहुधा चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो. आपण डॉक्टर मंडळी ज्या वयात व्यवसायात स्थिरावतो, त्या वयात त्याची पलटण सुटते. काल सकाळपर्यंत त्याचे उठणे, जेवणे, हसणे आणि घाबरणेदेखील समुदायात होते. आज तो गावी परतलेला असतो. शेतीत भाऊ रुळलेले, मुले आईच्या शब्दात वाढलेली, पत्नीने पंधरा-वीस वर्षे एकटीने संसार रेटलेला. घर त्याचे असते, पण घराचा क्रम त्याच्याविना बसलेला असतो. कोणी वाईट वागत नाही. तरीही तो आपल्याच ओसरीवर पाहुण्यासारखा बसतो.

अशा वेळी पलटणीचे सोबती धावून येतात. सुरक्षारक्षकाची नोकरी कोठे आहे, पेन्शनच्या कागदावर कोणती सही राहिली, २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेचे कार्ड कसे काढायचे, मुलीच्या लग्नाला किती कमी पडतात, हे सारे त्या वर्तुळात ठाऊक असते आणि न मागता निस्तरले जाते. रक्त हवे असल्यास एका निरोपावर सहा माणसे येतात. त्यांतील चौघे साठीच्या पुढची असल्याने रक्तपेढी त्यांना परत पाठवते, आणि ते आपापल्या मुलांना घेऊन पुन्हा येतात.

एक प्रसंग सांगतो. रुग्णाचे नाव व गाव अर्थातच देत नाही. एक माजी पॅराट्रूपर हवालदार, पत्नीच्या निधनानंतर खाण्यापिण्याकडे आणि इन्सुलिनकडे दुर्लक्ष करीत गेले. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली. शल्यचिकित्सकांनी दोन बोटे काढावी लागतील, उशीर केल्यास पाऊलही वाचणार नाही असे सांगितले. मुलाने विनवले, सुनेने विनवले, मीही सर्व परिस्थिती दोनदा समजावून सांगितली. हवालदार साहेबांचे म्हणणे एकच होते, "आता कशाला? झालं की आयुष्य."

तिसऱ्या दिवशी दोन एसटी बदलून त्यांचा जोडीदार वॉर्डात आला. लष्करी भाषेत त्याला 'बडी' म्हणतात. त्याने ख्यालीखुशाली विचारली नाही. खाटेच्या कडेला बसून तो म्हणाला, "इमानात उभारलो हुतो तवा तुझ्या पाठीवरचं कोन तपासत हुतं?"

"तूच की."

"मग आता बी म्या तपासलंय. डॉक्टरास्नी सगळं इचारलंय. सही कर."

हवालदार साहेब बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला जवळ बोलावून शस्त्रक्रियेविषयी पहिल्यांदाच प्रश्न विचारले: भूल कोणती, चालता येईल का, बूट घालता येईल का. त्यानंतर सही केली. पाऊल वाचले.

घरी गेल्यावर या दोघांनी एक प्रघात पाडला. रोज सकाळी सहा वाजता फोन. एकाने म्हणायचे, "नंबर सहा ओके," दुसऱ्याने म्हणायचे, "नंबर सात ओके." यात साखर तपासली, इन्सुलिन टोचले, पाय पाहिला, हे सर्व आले. पुढील अडीच वर्षे त्या रुग्णाची साखर जितकी आटोक्यात राहिली तितकी त्यापूर्वी कधीही राहिली नव्हती. माझ्या औषधांच्या चिठ्ठीत फारसा बदल नव्हता.

वैद्यकशास्त्र काय सांगते

या अनुभवाला शास्त्राचा आधार आहे, आणि तो जुना आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ थॉमस सॅल्मन यांनी १९१७ मध्ये फ्रेंच व ब्रिटिश सैन्यांचा अनुभव अभ्यासला. मनाने खचलेल्या सैनिकाला दूरच्या रुग्णालयात पाठवल्यास तो बहुधा बरा होऊन परतत नाही. त्याच्या तुकडीजवळच, लगेच, आणि 'तू आपल्या माणसांत परत जाणार आहेस' या अपेक्षेने उपचार केल्यास सुधारणेची शक्यता वाढते, हे त्यांच्या शिफारशींचे सार होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्स आणि जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी जर्मन सैन्याचा अभ्यास करून १९४८ मध्ये दाखवले की पराभव समोर दिसत असतानाही सैनिक लढत राहिले ते मुख्यतः आपल्या छोट्या गटातील बांधिलकीमुळे. तत्त्वज्ञानाचा वाटा त्यामानाने कमी होता.

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलण्याचे गट सुरू केले. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत निमंत्रणावरून सहभागी झाले. या सैनिकांच्या कथनांचा आणि त्यांच्या पाठपुराव्याचा १९८० मध्ये पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर हे निदान अधिकृत यादीत येण्यात मोठा वाटा आहे. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील एका प्रकरणाचा आरंभ सोबत्यांच्या बैठकीत झाला.

हे केवळ मनाच्या आजारांपुरते नाही. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील ३ लाख ८ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्रित केली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली. हा परिणाम धूम्रपान सोडण्याच्या परिणामाशी तुलना करण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एक एकाकी आहे, आणि एकाकीपणाशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार आहे.

गिनीपिग क्लब

सोबतीचा उपचार म्हणून जाणीवपूर्वक वापर एका शल्यचिकित्सकाने केला, त्याची हकीकत आपल्यापैकी प्लास्टिक सर्जरीच्या मंडळींना परिचित असेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाचे भाजलेले वैमानिक ईस्ट ग्रिनस्टेड या लहानशा गावातील रुग्णालयात येत. सर आर्चिबाल्ड मॅकइंडो हे मूळचे न्यूझीलंडचे शल्यचिकित्सक त्यांच्यावर उपचार करीत. चेहरे आणि हात जळालेली ही विशीतील मुले. एकेकावर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया चालत.

मॅकइंडो यांनी रुग्णांचा विशिष्ट पोशाख बंद करून त्यांना त्यांचा गणवेश घालू दिला. वॉर्डात बिअरचे पिंप ठेवू दिले. इतरांवरील शस्त्रक्रिया पाहण्याची मुभा दिली, म्हणजे पुढे आपले काय होणार हे सोबत्याच्या शरीरावर समजावे. गावकऱ्यांना विनंती केली की या मुलांकडे टक लावून पाहू नका, त्यांना घरी चहाला बोलवा. १९४१ मध्ये या रुग्णांनी आपला एक क्लब काढला आणि आपल्यावर प्रयोग चालतात म्हणून त्याचे नाव ठेवले गिनीपिग क्लब. पहिला खजिनदार ज्याचे पाय भाजले होते तो निवडला, म्हणजे पैसे घेऊन पळता येणार नाही; चिटणीस ज्याची बोटे भाजली होती तो, म्हणजे लांबलचक इतिवृत्त लिहिता येणार नाही.

युद्ध संपेपर्यंत क्लबचे ६४९ सभासद झाले. मॅकइंडो १९६० मध्ये निवर्तले, तरी सभासदांचे वार्षिक संमेलन २००७ पर्यंत भरत राहिले. त्वचेचे तंत्र पुढे पुष्कळ सुधारले. त्या वॉर्डातील मोकळेपणा मात्र कोणत्याही रुग्णालयाला आजही हेवा वाटावा असा होता.

दुसरी बाजू

या मैत्रीचे केवळ गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोबत्यांच्या बैठकीत कॅन्टीनची रम असते, आणि यकृताच्या विकाराचे जे माजी सैनिक मी पाहिले त्यांतील अनेकांचा पेला सोबत्यांनीच भरलेला होता. 'फौजी रडत नाही' हा दंडकही याच वर्तुळाने जपलेला असतो. त्यापायी छातीतली कळ दोन दिवस अंगावर काढलेली मी पाहिली आहे. घरच्या स्त्रिया या वर्तुळाच्या बाहेर राहतात. नवरा ज्या गोष्टी सोबत्याशी तासन्तास बोलतो त्यांतील एकही वाक्य तिच्या वाट्याला येत नाही, आणि त्याच्या झोपेतल्या ओरडण्याची साक्षीदार मात्र तीच असते.

आणि हे वर्तुळ वयानुसार लहान होत जाते. वर ज्यांचा उल्लेख केला त्या जोडीतील 'नंबर सात' गेल्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या घरी सांत्वनाला गाव लोटले. हवालदार साहेबांना भेटायला मात्र कोणी गेले नाही, कारण ते कोणाचेच नातेवाईक नव्हते. त्यांना सुतक नव्हते. महिन्याभरात त्यांचे वजन चार किलोंनी उतरले आणि साखर पुन्हा वर गेली. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाला नाव दिले आहे. ज्याला समाजाची मान्यता नाही, असा शोक. मी त्यांच्या मुलाला बोलावून सांगितले, "तुमच्या वडिलांचा भाऊ गेला आहे, असे समजून वागा." मुलगा समंजस होता. त्याने वडिलांना सोबत्याच्या वर्षश्राद्धाला त्याच्या गावी नेले. पलटणीतील आणखी एका सद्गृहस्थांनी सकाळचा फोन आपल्याकडे घेतला. साखर अद्याप पूर्वीइतकी आटोक्यात नाही, परंतु इन्सुलिन चुकत नाही.

आपल्या हाती काय आहे

आपल्या सभासद डॉक्टरांसमोर काही साध्या सूचना ठेवाव्यात असे वाटते. यांसाठी यंत्रसामग्री वा अनुदान लागत नाही.

माजी सैनिक रुग्णाच्या केसपेपरवर, त्याच्या संमतीने, पलटणीतील एका सोबत्याचे नाव आणि फोन लिहून ठेवावा. मोठ्या निर्णयाच्या वेळी रुग्णाची इच्छा असल्यास त्याला चर्चेत बोलवावे. निर्णय रुग्णाचाच राहील, दडपण येणार नाही आणि गोपनीयता पाळली जाईल, हे पाहण्याची जबाबदारी अर्थात आपली. एकाच पलटणीतील मधुमेही रुग्णांना शक्यतो एकाच दिवशी तपासणीस बोलवावे. बाहेरच्या बाकावर ते एकमेकांना जे सांगतात ते आपल्या दहा मिनिटांत बसत नाही. मद्यपान सोडवायचे असेल तर एकट्याला सांगून भागत नाही, बैठकीतल्या आणखी एकाला राजी करावे लागते. झोप, भीतिदायक स्वप्ने, चिडचिड यांविषयी पत्नीला स्वतंत्रपणे विचारावे. सोबत्याच्या मृत्यूची नोंद कुटुंबातील मृत्यूप्रमाणे घ्यावी, आणि पुढील तीन महिने त्या रुग्णाला जरा लवकर-लवकर बोलवावे. सैनिकाच्या विधवेलाही या वर्तुळात स्थान मिळेल असे पाहावे; पतीच्या सोबत्यांनी वर्षातून दोनदा येऊन विचारपूस केली तर तिला पेन्शनच्या कागदांपेक्षा मोठा आधार वाटतो.

पुढील काळाचाही विचार करावयास हवा. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांच्या सेवेनंतर अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश पुढे कायम होतात. उरलेले विशी-पंचविशीतच घरी परततात. त्यांचे गुडघे शाबूत असतील, रक्तातील साखर उत्तम असेल, आणि ते आपल्या दवाखान्यात सहसा फिरकणार नाहीत. परंतु पलटण सुटण्याचा अनुभव त्यांच्या वाट्याला ऐन उमेदीत येईल. या तरुणांची आणि आपल्या जुन्या सुभेदार-हवालदार साहेबांची गाठ घालून देण्याचे काम बेळगावसारख्या गावाने हाती घ्यावे. जागेसाठी एखाद्या मंडळाचा हॉल, महिन्यातून एक सकाळ आणि चहा एवढे पुरे. आपल्या संघटनेने आरोग्य तपासणीच्या निमित्ताने असा एक दिवस ठरवला, तर पहिल्या सकाळी रक्तदाब मोजायला मी येईन. इतर व्यवसायबंधूही येतील अशी खात्री आहे.